टाके किती? सुई भरेपर्यंत!

भाची पुण्यात राहते आणि विणकामाचे नमुने तयार करते. स्वेटर कसा विणायचा हे मापांसकट, आलेखांसकट लिहून ती इंटरनेटवर विकते. मावशी नाशिकला असते. बँकेतून निवृत्त झाली आहे आणि लग्नाआधीपासून विणते आहे, पण आजवर एकही नमुना तिनं कागदावर उतरवलेला नाही. सुया दोघींनाही सारख्याच प्रिय. मात्र त्या सुयांचा हिशेब ठेवावा की नाही, यावर दोघींचं कधीच जमलेलं नाही. डिसेंबर संपत आला होता, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि भाची चार दिवस मावशीकडे आली होती. तेव्हाचं हे बोलणं.

मावशी: सकाळपासून वही उघडून बसली आहेस. सुया कोपऱ्यात आणि कॅल्क्युलेटर हातात! ऐन थंडीत हे काय काढलंस?

भाची: वर्षाचा हिशेब गं. कोणते नमुने पूर्ण झाले, कोणते रखडले, काय खपलं, काय पडून राहिलं. एकटीनं धंदा करायचा म्हणजे वर्षातून एकदा आपणच आपला साहेब व्हावं लागतं.

मावशी: मी जन्मभर बँकेत ताळेबंद जुळवले. घरी आल्यावर सुया हातात घ्यायची ती ते आकडे डोक्यातून जावेत म्हणून. तू तर सुयांचाच ताळेबंद मांडलास.

भाची: तुझा पगार बँकेतून यायचा, माझा सुयांतून येतो. एवढाच फरक.

मावशी: एवढाच नाही, पण राहू दे. वर्ष कसं गेलं ते सांग.

भाची: उलटं गेलं. नेहमी तसंच जातं. मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला, पंखा फुल्ल, आणि माझ्या मांडीवर लोकरीचा स्वेटर. माझी बरीचशी गिऱ्हाइकं थंड देशांतली. तिकडे सप्टेंबरात हवा बदलली की बायका नमुने विकत घेतात, टाके घालतात, म्हणजे खऱ्या थंडीला स्वेटर अंगावर येतो. नमुना सप्टेंबरात हवा तर तो पावसाळ्यात चाचणीसाठी विणून झाला पाहिजे. त्याआधी आकडे तपासून झाले पाहिजेत. आणि त्याच्याही आधी मी तो स्वतः विणलेला पाहिजे. म्हणून थंडीचे कपडे उन्हाळ्यात आणि सुती टॉप ऐन डिसेंबरात. यंदा त्यात भर म्हणजे एका कंपनीनं मी वापरत होते ती लोकरच बंद केली. अर्धा स्वेटर झाला होता. तो उसवला, दुसरी लोकर शोधली, सगळी मापं पुन्हा काढली.

मावशी: यातलं निम्मं मला कळलं नाही. चाचणीसाठी विणणं म्हणजे काय? स्वेटर अंगात बसला की झाली चाचणी.

भाची: कोणाच्या अंगात? तू विणतेस ते समोरच्या माणसाला बघून. मी लिहिते ते मी कधी पाहणार नाही अशा माणसासाठी. एकाच स्वेटरची मला आठ-नऊ मापं द्यावी लागतात, आणि नुसतं सगळं सारख्या प्रमाणात फुगवून चालत नाही. छाती वीस सेंटिमीटरनं वाढली म्हणून बाहीची लांबी वाढत नाही, खांदे तर फारच थोडे रुंदावतात. प्रत्येक मापाचा बगलेतला खोलवा वेगळा, गळा वेगळा. तो तक्ता तयार झाला की तो तपासणारी एक बाई असते. ती एकही टाका विणत नाही, फक्त माझी बेरीज-वजाबाकी आणि भाषा तपासते. मग वेगवेगळ्या अंगयष्टीच्या बायका आपापल्या मापाचा स्वेटर विणून बघतात आणि सांगतात की अमुक ओळीला अडखळलो.

मावशी: म्हणजे स्वेटर एक आणि त्याच्यामागे कचेरी.

भाची: कचेरीच. ती नसली तर काय होतं ते दाखवते. हा चौकोन बघ, टाके मोजण्यासाठी विणलेला. दहा सेंटिमीटरला माझे बावीस टाके बसतात. शंभर सेंटिमीटर छातीचा स्वेटर हवा तर दोनशेवीस टाके घालायचे. आता तुझा हात माझ्यापेक्षा सैल. तुझे दहा सेंटिमीटरला वीसच बसतील. तू तेच दोनशेवीस टाके घातलेस तर छाती होईल एकशेदहा. चौकोनात दोन टाक्यांचा फरक, तो डोळ्यांना दिसतही नाही, आणि स्वेटर मात्र चार बोटं मोठा.

मावशी: मग एक नंबर बारीक सुई घ्यायची. त्याला चौकोन कशाला?

भाची: तुला ते विणतानाच कळतं. ज्या मुलीनं पहिलाच स्वेटर घेतला आहे तिला स्वेटर संपल्यावर कळतं. आणि सुईचा नंबर तरी कुठला? तुझी १० नंबरची सुई म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. तुझी ८ नंबरची म्हणजे चार. तुझ्याकडे आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत आकडा वाढला की जाड. त्यांची ८ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते. म्हणून मी नुसता नंबर लिहीत नाही, मिलिमीटर लिहिते.

मावशी: बरं, ते पटलं. पण मला सांग, इतकं सगळं करून विकतेस काय? कागद! त्यापेक्षा स्वेटर विकावेत. निदान कोणाला तरी ऊब मिळेल.

भाची: हाताचा स्वेटर विकून पाहा. थंडीत गावोगावी तिबेटी लोकांच्या दुकानांची रांग लागते, बघतेस ना? तो माल मुख्यतः लुधियानाहून येतो, मशिनवर विणलेला. तिथं जी किंमत असते त्यात माझी लोकरसुद्धा येत नाही. बाईनं संध्याकाळ-संध्याकाळ बसून महिनाभरात विणलेल्या स्वेटरचे तास मोजले आणि साधी मजुरी लावली, तर आकडा ऐकून गिऱ्हाईक हसतं. स्वेटर एकदाच विकता येतो. नमुना एकदा लिहिला की कितीही जणी विकत घेऊ शकतात, आणि प्रत्येकीला स्वस्तात पडतो. हातानं विणणाऱ्या बाईला विणकामावर जगायचं असेल तर माझ्या माहितीत हाच एक रस्ता आहे. शिकवणं हा दुसरा.

मावशी: जगायचं असेल तर! आमच्यावेळी विणकामावर जगायचं हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. कोणाला दिवस गेले की बाळंतविड्याला सुरुवात. झबली, कुंची, टोपरं, मोजे, दुपटी. शेजारची असो, ऑफिसातली असो. बासष्टच्या युद्धात बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, माझी आईही त्यात होती. त्याची कोणी पावती फाडली नाही.

भाची: नेमकं इथंच मला बोलायचं आहे. पावती फाडली नाही म्हणून ते काम मोजलंच गेलं नाही. तू किती घरांत बाळंतविडे दिलेस? त्या घरांत तुझं नाव काय? "हाताला काम हवं म्हणून विणते." "वेळ जात नाही बिचारीचा." तुला वेळ होता? सकाळी डबे, दिवसभर बँक, संध्याकाळी स्वयंपाक. तू विणायचीस ते बसमध्ये नाहीतर टीव्हीसमोर. काम करत करत आणखी एक काम. आणि त्याला नाव काय, तर विरंगुळा.

मावशी: विरंगुळाच होता तो.

भाची: असेल. पण विरंगुळ्याच्या नावाखाली सगळ्यांनी तो फुकट घेतला. किंमत लावली की माणूस निदान विचारतो, याला वेळ किती लागला? माझी पहिली विक्री झाली तेव्हा रक्कम चहा-नाश्त्याची होती. पण कोणीतरी अनोळखी बाईनं माझ्या डोक्यातल्या विणकामाचे पैसे मोजले, हे त्या दिवशी मला फार मोठं वाटलं.

मावशी: मला ते कळतं. पण तू एक बाजू बघते आहेस. ज्याची किंमत लागते त्याची मुदतही ठरते. तुला आता मे महिन्यात विणावं लागतं. माझ्यावर तशी वेळ कधी आली नाही. कंटाळा आला तर मी अर्धं ठेवून देते. आवडलं नाही तर उसवते, आणि उसवलेल्याच्या लडी करून धुऊन टांगून ठेवते. कोणाला उत्तर द्यायचं नसतं. तू स्वतःसाठी शेवटचं कधी विणलंस?

भाची: ... आठवत नाही.

मावशी: बघ.

भाची: पण मावशी, मोजलं की माया संपते असं तू धरून चालली आहेस. एलिझाबेथ झिमरमन नावाची बाई होती. जन्म इंग्लंडचा, १९१० चा. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिली. एका मासिकाला तिनं गोल सुयांवर विणायचा स्वेटर दिला होता. छापताना त्यांनी सूचना बदलून तो सपाट विणून शिवायचा करून टाकला. बाईला ते काही रुचलं नाही. तिनं १९५८ मध्ये स्वतःचंच पत्रक काढलं. त्यातून पुढे पुस्तकं आली, दूरदर्शनवरचे कार्यक्रम आले. तिची एक पद्धत आहे, तुला आवडेल. छातीचे टाके शंभर टक्के धरायचे. मग गळ्याला त्याचे चाळीस टक्के, मनगटाला वीस. दोनशेवीस टाक्यांच्या स्वेटरला गळा अठ्ठ्याऐंशी, मनगट चव्वेचाळीस. एवढं लक्षात ठेवलं की कुठल्याही लोकरीचा, कुठल्याही मापाचा स्वेटर नमुन्याशिवाय विणता येतो.

मावशी: म्हणजे माझ्यासारखीच की. अंदाजावर!

भाची: अंदाजावर नव्हे, टक्क्यांवर. तिनं बायकांना सांगितलं, माझ्या ओळी पाठ करू नका, हिशेब समजून घ्या आणि आपलं डोकं चालवा. मला वाटतं, तुमच्या पिढीच्या हातात जे होतं ते तिनं आकड्यांत मांडलं. तिचं १९६८ चं बाळाचं जाकीट आहे. सगळं नुसत्या सुलट टाक्यांचं, एकच सपाट तुकडा. विणून झाला की त्याचं काय करायचं ते कळतच नाही. दोन घड्या घालायच्या आणि फक्त खांदे शिवायचे. झालं जाकीट! अजूनही जगभर बायका ते विणतात.

मावशी: दोन घड्या? कुठून दुमडायचा? दाखव बरं कागदावर... अच्छा. म्हणजे हे टाके वाढवले ते कोपऱ्यासाठी, आणि हे घटवले ते... हुशार आहे बाई! हे विणून बघते.

भाची: बघ, आता तूच नमुना मागते आहेस.

मावशी: मागते. नमुन्याशी माझं भांडण कधीच नव्हतं. पूर्वी 'स्त्री' मासिक यायचं. त्यातली विणकामाची पानं आम्ही कापून ठेवायचो, एकमेकींना द्यायचो. माझं भांडण आहे ते सगळं वहीत भरण्याशी. काही गोष्टी हातातच राहाव्यात. आयर्लंडकडच्या त्या बेटावर म्हणे घराण्याघराण्याची वीण ठरलेली असायची. बुडालेला कोळी सापडला तर त्याच्या स्वेटरवरून ओळख पटायची. ते काय कोणी लिहून ठेवलं होतं?

भाची: अरन बेटांची ती गोष्ट नंतर रुजवली गेली, मावशी. तो पांढरा, वेण्यावेण्यांचा स्वेटर फार जुना नाही, विसाव्या शतकातलाच. घराण्यांच्या विणीची कथा स्वेटर खपवायला फार उपयोगी पडली. पण तिच्यामागे एक नाटक आहे. जॉन सिंग या आयरिश नाटककाराचं १९०४ सालचं. त्यात समुद्रात बुडालेल्या माणसाची ओळख पटते ती मोज्यावरून, स्वेटरवरून नव्हे. आणि घराण्याच्या विणीवरून तर नव्हेच. मोजा त्याच्या बहिणीनं स्वतः विणलेला असतो. किती टाके घातले होते आणि त्यातले किती गळले होते, हे तिला आठवत असतं. ती टाके मोजते आणि तिला कळतं, हा माझा भाऊ.

मावशी: गळलेल्या टाक्यांवरून?

भाची: हो. आपण जे लपवायला बघतो त्याच्यावरून.

मावशी: (थोडं थांबून) म्हणजे बहीण टाके मोजत होती.

भाची: मी तेच म्हणते आहे. मोजणं ही फक्त धंद्याची खोड नाही. जिनं मोजलं तिच्याच लक्षात राहिलं.

मावशी: बरं, या एका मुद्द्यावर तुला गुण दिले. पण तुझ्या नाटकातली बहीण कोणासाठी मोजत होती? आपल्या भावासाठी. तुझा तक्ता कोणा एकासाठी नसतो.

भाची: हेही खरं. म्हणून मला दुसरं काहीतरी हवं होतं. यंदा मी दोन नवे उद्योग सुरू केले. एक रंगाई. तुमच्या सटाण्याकडची डाळिंबं खाल्ली की साली वाळवून ठेवते. लोकरीला आधी तुरटीच्या पाण्यात ठेवायचं, मग सालींच्या पाण्यात मंद आचेवर. छान पिवळा येतो. त्यातच लोखंडाचं पाणी थोडंसं घातलं की काळपट हिरवा होतो, शेवाळासारखा. मात्र गरम पाण्यातून काढलेली लोकर एकदम गार पाण्यात घातली की संपलं. आटते, धागे एकमेकांत गुंततात, पुन्हा सुटत नाहीत. पातेल्यातलं पाणी आपोआप निवेपर्यंत धीर धरावा लागतो.

मावशी: तुला धीर! आणि दुसरा?

भाची: टकळीवर सूतकताई. तीही दख्खनी मेंढीच्या लोकरीची.

मावशी: घोंगडीची लोकर? ती टोचते किती!

भाची: टोचतेच. मऊ लोकर हवी तर ती मेरिनो मेंढीची. आपली मेंढी खडकाळ माळावर चरते, उन्हापावसात फिरते, तिची लोकर तशीच राकट. धनगर कातरतात, आणि सणगर खड्डामागावर तिची घोंगडी विणतात. विणायच्या आधी ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे धागा तुटत नाही. काळ्या-पांढऱ्या मेंढ्यांचा रंग तोच घोंगडीचा रंग. मला तिचा स्वेटर करायचा नाही. पिशवी करेन, आसन करेन, किंवा काहीच करणार नाही. माझं सूत कुठं जाड, कुठं दोऱ्यासारखं. रोज थोडं तुटतं. पण त्यात कोणाला नऊ मापं द्यायची नसतात.

मावशी: आता कशी बोललीस! हाच तुझा खरा विरंगुळा. पण मी तुला ओळखते. चार महिन्यांनी म्हणशील, "घरबसल्या नैसर्गिक रंगाई, नावनोंदणी सुरू."

भाची: ... वहीत एक ओळ लिहिली होती खरी.

मावशी: खोड ती. आत्ताच्या आत्ता खोड.

भाची: का पण? चार जणी शिकल्या तर वाईट काय? मला जे आवडतं ते शिकवावंसं वाटतंच.

मावशी: शिकव. पण लगेच नको. आधी तुला ते नीट येऊ दे, चुकू दे, कंटाळा येऊ दे. विणकामाचा तू धंदा केलास, छान केलास. पण तेव्हा तुला दुसरा छंद शोधावा लागला. आता त्याचाही वर्ग काढलास तर तिसरा शोधावा लागेल. कुठंतरी एक खोली अशी असू दे की जिथं गिऱ्हाईक येत नाही.

भाची: हे मात्र मान्य. खोडली. बघ.

मावशी: आणि ती दुसरी ओळ काय? "एआय" म्हणून लिहिलं आहेस.

भाची: यंदाचा डोकेदुखीचा विषय. नमुन्यांच्या बाजारात आता संगणकानं बनवलेली चित्रं फिरतात. स्वेटर असा की बघणाऱ्याला भुरळ पडावी. पण नीट पाहिलं तर वेणीचा एक पेड मध्येच नाहीसा होतो, टाक्यांची ओळ बाहीत शिरून दुसरीकडूनच निघते. सुयांवर ते विणताच येणार नाही. पैसे भरून बायका नमुना घेतात, आणि सूचना वाचायला गेलं की टाक्यांची बेरीजच लागत नाही. नव्या मुलीला वाटतं, चूक माझी. ती सुया ठेवून देते.

मावशी: त्यावर तू काय करणार?

भाची: मी करू शकते ते एवढंच. माझ्या प्रत्येक नमुन्याला खऱ्या माणसाच्या अंगावरचा फोटो, आतल्या बाजूचाही फोटो, आणि चाचणीत कोणकोणत्या मापांत विणला गेला त्याची नोंद. स्वेटरची उलटी बाजू दाखवली की खोटं बोलता येत नाही. धागे कुठं जोडले, कुठं खोवले, सगळं दिसतं.

मावशी: आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई हेच करायच्या. हातात घेतलं की आधी उलटं करून बघायच्या.

भाची: आता माझा एक प्रस्ताव ऐक. काल तू त्या गुलाबी टोपऱ्याचे टाके घातलेस तेव्हा मी विचारलं, टाके किती? तू म्हणालीस...

मावशी: सुई भरेपर्यंत. बरोबरच आहे ते.

भाची: रात्री तू झोपल्यावर मी मोजले. नव्वद. मग तुझ्या पेटीतली जुनी टोपरी काढली. त्याच जाडीच्या लोकरीची, त्याच १० नंबरच्या सुईवरची. प्रत्येकात नव्वद.

मावशी: असतील. हात बसला आहे.

भाची: ऐक तर. दोन टाके मागच्या शिवणीत जातात. उरले अठ्ठ्याऐंशी. तुझे दहा सेंटिमीटरला सव्वीस टाके बसतात, म्हणजे टोपरं झालं साधारण चौतीस सेंटिमीटर. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर तेहेतीस ते पस्तीसच्या आसपास असतो. पुढे तू माथ्याशी टाके घटवतेस ते एका ओळीत आठ ठिकाणी. अठ्ठ्याऐंशीला आठानं पूर्ण भाग जातो. अकरा-अकराचे आठ भाग. घटवत घटवत शेवटी सुईवर आठच टाके राहतात, शिवणीचे दोन सोडून, आणि त्यांच्यातून तू दोरा ओवून ओढतेस. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले असते तर याच आकड्यांवर आले असते. तू अंदाज म्हणतेस त्यात चोख हिशेब आहे.

मावशी: मला हे कोणी शिकवलं नाही. आई घालायची तेवढे मी घालते.

भाची: म्हणूनच तो हिशेब तुझ्या पेटीत पडून राहिलेला मला चालणार नाही. आईनं तुला दिला, तू मला हातानं दिलास. पण पुढे एकीनं विणणं सोडलं की संपलं. पुढच्या वर्षी पहिला नमुना तुझ्या टोपऱ्याचा करते. मापं तीन: नवजात, सहा महिने, वर्ष. वरच्या दोन मापांचं गणित मी करते. पहिल्या मापाला हात लावणार नाही. नाव तुझं आणि आजीचं.

मावशी: आणि किंमत?

भाची: आता तू बोल. हा नमुना मी फुकटही देऊ शकते. नाव नोंदवलं की कोणीही उतरवून घ्यावा.

मावशी: फुकट? मुळीच नाही! मगाशी तूच म्हणालीस, फुकट दिलं की कोणी विचारत नाही. रीतसर किंमत लाव. आईचं नाव आहे त्याच्यावर.

भाची: आणि मी म्हणणार होते की सुलट-उलट टाका कोणाच्या बापाच्या मालकीचा नाही. माझा असतो तो मी लिहिलेला मजकूर, मी काढलेला आलेख. टोपरं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्याचे पैसे घ्यायला मलाच जड जातं.

मावशी: मग मजकुराचे घे. टोपऱ्याचे नको घेऊस. पण एक अट. सूचनेत खाली लिहायचं, पहिलं टोपरं कोणाला तरी द्यावं. विकू नये.

भाची: अट घालता येणार नाही, मावशी. विकत घेतल्यावर ती काय करेल ते तिचं.

मावशी: अट नको. विनंती लिही. विनंतीला कोण अडवतं?

भाची: लिहिते. बाकी योजना ऐकशील? दोन मोठे स्वेटर, उन्हाळ्याला एक सुती जाळीचा टॉप, त्याचं सूत भारतातलंच. आणि जमलं तर कधीतरी शेटलंडला जायचं आहे. तिथं शरद ऋतूत विणकामाचा आठवडा भरतो, २०१० पासून. त्या बेटांवरच्या तलम शाली लग्नातल्या अंगठीतून ओढून काढता येतात म्हणे.

मावशी: जा की. पण त्याआधी एखाद्या सणगराच्या मागासमोर जाऊन बस. शेटलंड विमानानं आहे, सणगर एसटीनं आहे. आणि परदेशातल्या बायका तुला तुझ्या मेंढीबद्दल विचारतील तेव्हा काय सांगशील?

भाची: हे वहीत लिहिते. स्वेटर दोनऐवजी एकच करते, म्हणजे महिना मोकळा होतो.

मावशी: पहिल्यांदा काहीतरी कमी केलंस.

भाची: मग टोपऱ्याचं वेळापत्रक ठरवू? जानेवारीत तू नमुन्याचं विणून दे, मी लिहून काढते, फेब्रुवारीत चाचणी.

मावशी: विणून देईन. पण माझ्या नावापुढे तारीख घालू नकोस. मला मुदत सोसत नाही. समोरच्या इमारतीतल्या सुनेला जानेवारीच्या शेवटी बाळ होणार आहे. त्याच्या आत टोपरं तयार असेल, हे नक्की.

भाची: ही तारीखच झाली की, मावशी!

मावशी: ती बाळाची तारीख. तुझ्या वहीत लिहायची नाही.